जावजी दादाजींचें मुद्रणघराणें आणि मराठवाड्यांतील पोथ्या

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत जुन्या शास्त्री-पुराणिकांच्या घरीं पोथ्यांचा शोध घेतांना एक उत्तर मला वारंवार ऐकावें लागलें. “पोथी होती; पण निर्णयसागरची छापील प्रत घरांत आली, तेव्हां ती गंगेंत सोडली.” आमच्याकडे गंगा म्हणजे गोदावरी. हें सांगणाराच्या स्वरांत खेद नसे. जीर्ण पोथीचें यथाविधि विसर्जन करून तिच्या जागीं शुद्ध छापील ग्रंथ ठेविला, याचें समाधानच असे. ज्या छापखान्याच्या नांवावर लोकांनीं एवढा भरंवसा टाकिला, त्याच्या चालकांची कामगिरी त्या भरंवशास कितपत पात्र होती आणि तो कोठें अस्थानीं पडला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या घराण्याचा आरंभ समजण्यासाठीं त्याच्या आधींच्या एका घराण्याकडे पाहावें लागतें. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्याचें काम पाहून गणपत कृष्णाजींनीं स्वतःचें शिळायंत्र उभें केलें आणि शके १७५३ चें, म्हणजे इ. स. १८३१ चें, पंचांग छापलें. छापण्याच्या शाईंत चरबी असते या शंकेनें सोवळे लोक छापील कागदास हात लावीत ना, म्हणून त्यांनीं तुपाची शाई केली असें परंपरा सांगते. गोविंद नारायण माडगांवकरांनीं इ. स. १८६३ च्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत त्यांच्या उद्योगाची नोंद घेतली आहे. गणपत कृष्णाजी इ. स. १८६० मध्यें वारले. पुढें आत्माराम कान्होबा हें नांव त्या छापखान्याच्या पुस्तकांवर दिसतें. संग्राहकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शिळाछाप पोथी छापलेली असूनहि लेखकाच्या हातचीच असते. त्याचें वळण, त्याची दंडरेषा, क्वचित् त्याचा प्रमादहि दगडावर उतरतो. तेथवर हस्तलिखिताची परंपरा तुटलेली नव्हती. ती तोडली ओतीव खिळ्यांनीं, आणि त्या खिळ्यांस जें सौष्ठव आलें त्याचें मोठें श्रेय जावजी दादाजींचें.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म इ. स. १८३९ मध्यें मुंबईस झाला. लहानपणींच ते त्याच मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर लागले. तेथें टॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखालीं देवनागरी अक्षरें कोरण्याचें काम चाले. इ. स. १८६४ मध्यें जावजींनीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला व इ. स. १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. या क्रमाकडे लक्ष द्यावें: आधीं अक्षर, मग ग्रंथ. पोलादावर अक्षर उलटें कोरावयाचें, त्याचा ठसा तांब्यांत उठवून साचा करावयाचा, आणि त्या साच्यांत शिशाचा रस ओतून खिळा काढावयाचा, असें हें काम. मराठीस पुरणारे खिळे संस्कृतास पुरत नाहींत. वर रेफ, मात्रा व अनुस्वार, खालीं उकार व ऋकार, आणि मध्यें तीन-तीन, चार-चार व्यंजनांचीं जोडाक्षरें, हें सर्व एका रेषेंत सुबक बसवावयाचें असतें. या कामीं जावजींस राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी सहकारी लाभला. छापखान्याचा इतिहास लिहितांना मालकाचें नांव घ्यावें आणि अक्षर कोरणाराचें विसरावें, ही रीत मोडण्यासारखी आहे. कारण ज्यास आपण ‘निर्णयसागरी वळण’ म्हणतों, तें मुळांत अशा कारागिरांच्या हातांतलें आहे.

जावजी ५ एप्रिल १८९२ रोजीं वारले. त्यांच्यामागें पुत्र तुकाराम जावजी यांनीं कारखाना चालविला. पुढील पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर पांडुरंग जावजी हें नांव येतें, आणि इ. स. १९४० नंतरच्या अनेक पुस्तकांवर सत्यभामाबाई पांडुरंग यांचें. ज्या पुस्तकावर छापल्याचें वर्ष फाटून गेलें आहे, त्याचा काळ ठरविण्यास हीं नांवें ताम्रपटांतील राजावलीसारखीं उपयोगी पडतात. घराणें बदललें नाहीं, पण नांव बदललें. आणि नांवाबरोबर कामाचें स्वरूपहि थोडें बदललें, हें पुढें दिसेल.

या छापखान्याचा खरा कीर्तिस्तंभ म्हणजे ‘काव्यमाला’. इ. स. १८८६ मध्यें जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादकत्वाखालीं ती मासिकरूपानें निघूं लागली. दुर्गाप्रसादांच्या मागें पंडित शिवदत्तांनीं परबांस साह्य केलें. नांदेडकरास या मालेविषयीं विशेष आपुलकी वाटावी असें कारण आहे. काशींतील प्रसिद्ध शेष घराणें मूळचें गोदातीरींच्या नांदेडचें असें परंपरेनें मानितात. भट्टोजी दीक्षितांचे गुरु शेषकृष्ण यांचें ‘कंसवध’ नाटक काव्यमालेंत सहाव्या क्रमांकानें इ. स. १८८८ मध्यें छापलें गेलें. तोडरमल्लाच्या पुत्रासाठीं रचलेलें हें नाटक. शेषकृष्णांचाच ‘पारिजातहरणचंपू’ चौदाव्या क्रमांकानें पुढील वर्षीं निघाला. बारावा क्रमांक ‘रसगंगाधरा’चा, आणि जगन्नाथाचे वडील पेरुभट्ट हे व्याकरणांत शेषकृष्णांचे पुत्र वीरेश्वर यांचे शिष्य. म्हणजे नांदेडहून निघालेली विद्या काशीस गेली आणि तीन शतकांनीं मुंबईच्या खिळ्यांतून छापील रूपानें नांदेडच्या घरांत परत आली. मी पहिल्यानें ‘कंसवध’ हातीं घेतलें, तेव्हां एवढा उपकार कोणत्या शब्दांनीं मानावा हें मला सुचेना. आजहि सुचत नाहीं.

तथापि कृतज्ञता ही परीक्षेची शत्रु होऊं नये. निर्णयसागरची शुद्धता दोन प्रकारची आहे. लोकांनीं त्या दोन्ही एकच मानिल्या. एक मुद्रणाची शुद्धता: संपादकानें जें लिहून दिलें तें जसेंच्या तसें छापणें. येथें या छापखान्याचा हात धरणारा विरळा. दुसरी पाठाची शुद्धता: ग्रंथकारानें जें लिहिलें त्याच्या शक्य तितकें जवळ जाणें. ही खिळ्यांनीं सिद्ध होत नाहीं. ती पोथ्यांच्या संख्येवर, वयावर व परीक्षेवर अवलंबून असते. भरतमुनींचें नाट्यशास्त्र समग्र छापण्याचा पहिला मान काव्यमालेचा, इ. स. १८९४ चा; पण त्या आवृत्तीस आधार दोनच पोथ्यांचा होता. पुढें बडोद्याहून रामकृष्ण कवींनीं इ. स. १९२६ मध्यें पहिला खंड काढिला, तेव्हां त्यांच्यापुढें सुमारें चाळीस पोथ्या होत्या आणि त्यांतील भेद पाहून तेहि चकित झाले. ‘ध्वन्यालोक’ काव्यमालेंत इ. स. १८९१ मध्यें आला. त्यांत अभिनवगुप्ताचें ‘लोचन’ तीन उद्द्योतांपुरतेंच होतें, चवथ्या उद्द्योतावरील भाग सुशीलकुमार दे यांनीं इ. स. १९२३ मध्यें प्रसिद्ध केला. पहिल्या वाटाड्यानें सर्व घाट दाखवावा ही अपेक्षा अन्यायाची आहे, म्हणून यांत मी काव्यमालेस दोष देत नाहीं. परंतु जो वाचक त्या पहिल्या आवृत्तीनंतर लगेच आपली पोथी नदींत सोडतो, तो वाटाड्याच्या पहिल्याच पावलावर रस्ता संपला असें समजतो.

दोष द्यावयाचा तो अन्यत्र आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाचे संस्थापक महादेव चिमणाजी आपटे यांनीं इ. स. १८८८ पासून जी ग्रंथावलि सुरू केली, तिच्या पुस्तकांच्या आरंभीं ‘आदर्शपुस्तकोल्लेखपत्रिका’ असते. कोणती पोथी कोणत्या गांवच्या कोणत्या गृहस्थाची, हें तींत सांगितलेलें असतें. पोथीच्या मालकास त्यामुळें कळतें कीं आपली पोथी हा पुरावा आहे आणि छापल्यावरहि तो पुरावाच राहतो. काव्यमालेंत पोथ्या कोठून आल्या हें टीपेंत बहुधा सांगितलेलें असतें. पण पोथीचें वय, पत्रसंख्या, लेखकाचें नांव यांची माहिती क्वचितच मिळते. विद्यार्थ्यांसाठीं काढलेल्या पुस्तकांत तर तेवढेंहि नसतें, आणि आमच्या भागांत घरोघर पोहोंचलीं तीं हीं विद्यार्थ्यांचीं पुस्तकें. पुढील पिढ्यांत याच पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्यांत पाठ बदलला असल्यास तो कोणत्या पोथीच्या आधारें, हें वाचकास नेहमींच कळत नाहीं. इ. स. १९४३ ची केदारनाथांनीं सिद्ध केलेली नाट्यशास्त्राची दुसरी आवृत्ति या बाबतींत अधिक सावध आहे. तींत बडोदें व काशी येथील आवृत्त्यांचा उपयोग केला आहे. पण तोंपर्यंत गोदावरीनें आपलें काम केलें होतें.

कोणी म्हणेल, पोथीची परीक्षा हें पंडिताचें काम. छापखान्याच्या मालकावर त्याचा भार कां घालावा? उत्तर असें कीं संपादक कोण असावा, माला कोणती काढावी, कोणत्या ग्रंथास किती कागद द्यावा हें मालकानें ठरविलें. काव्यमालेचें श्रेय आपण जावजींस देतों तें याच कारणानें. मग उणीवेचा वांटा त्यांच्या घराण्याकडे जाऊं नये असें म्हणतां येत नाहीं. मोठा वांटा मात्र वाचकांचा, आणि त्यांतून मी स्वतःस वगळूं शकत नाहीं. महाविद्यालयांत शिकत असतांना मीं निर्णयसागरचा अमरकोश जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून विकत आणिला आणि घरच्या अमरकोशाची पोथी कसर लागलेली म्हणून निरुपयोगी ठरविली. वडील कांहीं बोलले नाहींत. पुढील पर्वणीस नांदेडच्या घाटावर ती सोडतांना मीच ती हातांत धरली होती. तिच्या शेवटच्या पत्रावर कोणा लेखकाचें नांव व शक होता एवढें आठवतें. कोणता, तें आठवत नाहीं.

या अपराधाची जाणीव मला लातूर जिल्ह्यांत झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां मी त्या जिल्ह्यांत शिक्षक होतों. दगडमातीच्या भिंती माळवदांसह कोसळल्या आणि झोपेंतलीं माणसें खालीं सांपडलीं. त्या दिवसांत पुस्तकांचा विचार करणें हें पाप वाटावें अशी स्थिति होती. पुढील वर्षीं औसा तालुक्यांतील एका सोबती शिक्षकांनीं आपल्या पडलेल्या घराच्या मातींतून निघालेलें एक गांठोडें मजजवळ आणून दिलें. त्यांत मल्लिनाथाच्या संजीवनीसह निर्णयसागरचा रघुवंश होता. मुखपृष्ठ गेलेलें, पानें मातीनें तांबूस झालेलीं. “गुरुजी, छापीलच आहे, तुमच्या कामाचें नाहीं,” असें ते संकोचानें म्हणाले. मीं उघडून पाहिलें तों समासांत बारीक अक्षरांत ठिकठिकाणीं ‘घ. पो.’ असें लिहून त्यापुढें पाठ दिलेले. घ. पो. म्हणजे घरची पोथी! त्यांच्या आजोबांनीं पोथी गंगेंत सोडण्यापूर्वी ती छापील प्रतीशीं ताडून पाहण्यास आरंभ केला होता. नवव्या सर्गाच्या अखेरपर्यंत नोंदी आहेत. पुढील समास कोरे आहेत. काम अपुरें कां राहिलें हें घरांत कोणास माहीत नव्हतें.

ते पाठ मीं सवडीनें ताडून पाहिले. बहुतेक अन्य आवृत्त्यांत नोंदलेले आहेत. तीन-चार ठिकाणचे मला कोठें आढळले नाहींत. त्यांतील एक उघड लेखकप्रमाद आहे, बाकीच्यांविषयीं निर्णय देण्याची घाई मी करीत नाहीं. पण मुद्दा पाठांच्या महत्त्वाचा नाहीं. ती पोथी आतां जगांत नाहीं, आणि तिची साक्ष उरली आहे ती जिनें तिला घराबाहेर काढिलें त्याच छापील प्रतीच्या समासांत.

म्हणून पोथीसंग्राहकांस माझी एवढी विनंती आहे. गांवोगांव पोथ्या शोधतांना “छापील आहे” म्हणून निर्णयसागर, गणपत कृष्णाजी किंवा आनंदाश्रम यांचीं जुनीं पुस्तकें बाजूस सारूं नयेत. प्रत्येकाचे समास पाहावेत. हस्ताक्षर आढळल्यास त्या प्रतीची नोंद पोथ्यांच्याच यादींत करावी. मालकाचें गांव व घराणें लिहावें, आणि मुखपृष्ठावरील प्रकाशकाचें नांव जसेंच्या तसें उतरावें. काव्यमालेचीं पुनर्मुद्रणें काशी-दिल्लीच्या प्रकाशकांनीं काढिलीं आहेत आणि तिच्या पानांचीं छायाचित्रें आज संगणकावर सहज पाहावयास मिळतात. परंतु तेथें असते ती कोणा एका ग्रंथालयाची प्रत. औशाच्या आजोबांचे समास तींत असणार नाहींत. एकदां पोथीच्या बाबतींत जी चूक आपण केली, तीच छायाचित्र हातीं आल्यावर या प्रतींच्या बाबतींत करूं नये.

जावजी दादाजींच्या घराण्यानें आम्हांस सुबक अक्षरांत, परवडेल अशा किंमतींत ग्रंथ दिले. हें ऋण मान्य करूनच वरील दोष लिहिले आहेत. त्यांनीं पोथी बुडवावयास कोणास सांगितलें नव्हतें. पोथीचें मोल काय हें मात्र आपल्या पुस्तकांतून पुरेसें सांगितलें नाहीं, आणि आम्हीं तें विचारलें नाहीं. तो रघुवंश मीं दुरुस्त करून त्या शिक्षकांच्या घरीं परत पोहोंचविला आहे. त्यांच्या नातवानें उरलेले कोरे समास पाहून, येथें पुढें काय होतें, असा प्रश्न केला. त्याचें उत्तर मजजवळ नव्हतें.