‘श्रद्धा परत कशी मिळाली?’ : परीक्षेतील ‘सायलस मार्नर’ आणि साने गुरुजींचा ‘मनूबाबा’

जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’ (१८६१) या कादंबरीचे नशीब काहीसे विचित्र आहे. ‘मिडलमार्च’च्या कर्तीची ही लहानखुरी कृती समीक्षकांनी गोड पण दुय्यम मानली. एफ. आर. लीव्हिस यांनी ‘द ग्रेट ट्रॅडिशन’मध्ये (१९४८) तिचे कौतुक केले, मात्र ते नीतिकथेच्या मापानेच. उलट शिक्षणव्यवस्थेला ती कायम सोयीची वाटत आली. पृष्ठसंख्या कमी, कथानक आटोपशीर, खलपुरुषाला शासन, सत्प्रवृत्त माणसाला सुख आणि मध्यभागी ‘श्रद्धा’ हे आशयसूत्र. भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१० नंतरच्या दशकात काही वर्षे बारावीच्या इंग्रजीसाठी दीर्घ वाचनाचा भाग म्हणून दोन कादंबऱ्यांचा पर्याय ठेवला होता. एक एच. जी. वेल्सची ‘द इन्व्हिजिबल मॅन’, दुसरी ‘सायलस मार्नर’. तीवरील दीर्घोत्तरी प्रश्नाला सहा गुण आणि उत्तराला १२० ते १५० शब्दांची मर्यादा होती.

शब्दमर्यादेवर टीका करणे सोपे आहे आणि त्यातून फारसे काही हाती लागत नाही. लक्ष द्यायला हवे ते प्रश्नाच्या घडणीकडे. या कादंबरीवरील परीक्षोपयोगी प्रश्नांचा एक ठरलेला साचा आहे : सायलसची श्रद्धा कशी ढळली आणि ती त्याला परत कशी मिळाली? प्रश्नाच्या उत्तरार्धात एक गृहीत दडलेले आहे. गेलेली वस्तू परत मिळते, तशी श्रद्धा परत मिळाली, असे ते गृहीत. कादंबरीत सोने खरोखर परत मिळते. श्रद्धेच्या बाबतीत मात्र लेखिकेने तसे लिहिलेले नाही.

कथानकाचे टप्पे परिचित आहेत. लँटर्न यार्ड या एका छोट्या, कडव्या धर्मपंथाच्या वस्तीत सायलस हा विणकर राहतो. त्याला अधूनमधून शुद्ध हरपण्याचे झटके येतात. मरणासन्न धर्मसेवकाच्या उशाशी जागरण करीत असताना असाच झटका येतो, पंथाच्या पैशांची पिशवी चोरीस जाते आणि सायलसचा चाकू त्या जागी सापडतो. चोरी केलेली असते त्याच्या जिवलग मित्राने, विल्यम डेनने. पंथाचे लोक न्यायालयात जात नाहीत. ते प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकतात आणि चिठ्ठी सायलसला दोषी ठरवते. येथे बारकाईने पाहिले पाहिजे. चिठ्ठी हीच ईश्वराची वाणी, असे सायलस स्वतःही मानत असतो. म्हणून त्याच्यापुढे दोनच निष्कर्ष उरतात : आपण चोर आहोत किंवा ईश्वर खोटी साक्ष देणारा आहे. पहिले खोटे असल्याचे त्याला ठाऊक आहे. त्याचा पाखंड हा त्याच्या श्रद्धेचाच तर्कशुद्ध शेवट ठरतो. श्रद्धेचे प्रमाणच बाह्य खूण असेल, तर खूण फसली की सगळे फसते.

ही मांडणी करणारी लेखिका कोण होती, हे विसरून चालत नाही. मेरी ॲन इव्हान्सने १८४२ मध्ये चर्चला जाणे थांबवून वडिलांचा रोष ओढवून घेतला होता. स्ट्राउसच्या ख्रिस्तचरित्राचे (१८४६) आणि फॉयरबाखच्या ख्रिस्ती धर्माच्या तत्त्वमीमांसेचे (१८५४) इंग्रजी भाषांतर तिचेच. माणूस आपल्याच सत्त्वाला ईश्वर म्हणून पूजतो, या फॉयरबाखच्या सिद्धांताशी तिचा अक्षरशः शब्दाशब्दाने परिचय होता. वसाहतकालीन अभ्यासक्रमात धार्मिक तटस्थतेचे धोरण सांभाळून नीतिशिक्षणाचे काम इंग्रजी साहित्याकडे कसे सोपवले गेले, हे गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’मध्ये (१९८९) दाखवून दिले आहे. त्या परंपरेच्या एका उत्तरकालीन टोकाला, प्रजासत्ताक भारताच्या परीक्षेत, श्रद्धेचा पाठ देण्यासाठी निवडली गेली ती पंथ सोडलेल्या लेखिकेची कादंबरी. हा विरोधाभास कोणाला खटकला नाही, कारण प्रश्नाच्या साच्यात तो दिसतच नाही.

सायलस रॅव्हेलो या खेड्यात येतो आणि पंधरा वर्षे मागावर बसून सोन्याची नाणी साठवतो. हा काळ निव्वळ तगून राहण्याचा आहे. एलियट या माणसाची तुलना कीटकाशी करते आणि त्याच्या हातांची लय धोट्याच्या लयीशी एकजीव करते. भारतीय वाचकाला हे चित्र विशेष बोचते. आपल्याकडे विणकर म्हटला की कबीर आठवतो, आणि ताणा-बाणा हे भक्तीच्याच परिभाषेतले शब्द वाटू लागतात. येथे माग आहे, नाम नाही. पुढे सोने चोरीला जाते, वर्षाअखेरीच्या बर्फाळ रात्री एक बेवारस मुलगी उघड्या दारातून आत येते आणि अंधूक नजरेच्या सायलसला तिचे सोनेरी केस म्हणजे परत आलेले सोनेच वाटते. ती आत शिरते तेव्हाही तो झटक्यात, भानाबाहेर असतो. ज्या व्याधीने त्याला लँटर्न यार्डात बुडवले तीच येथे दार उघडे ठेवते. ही ईश्वरी योजना की योगायोग, याचा निवाडा निवेदक देत नाही.

‘श्रद्धा परत मिळाली’ या विधानाची खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. पहिले स्थळ डॉली विंथ्रॉपचे. ही शेजारीण दहाव्या प्रकरणात सायलसकडे घरी केलेल्या वड्या घेऊन येते. वड्यांवर आय. एच. एस. ही ख्रिस्तनामाची अक्षरे टोचलेली आहेत. डॉलीला ती वाचता येत नाहीत. चर्चमधील कापडावर ती असतात, सासूकडच्या साच्यावर होती, म्हणजे ती चांगलीच असणार, एवढे तिला पुरते. साक्षर सायलस अक्षरे ओळखतो, पण अर्थ त्यालाही सांगता येत नाही. अक्षर आणि श्रद्धा यांचे हे नाते एका परीक्षेच्या पुस्तकात यावे, हा योग लक्षणीय आहे. परीक्षा अक्षराचा अर्थ मागते. डॉलीचा सारा भरवसा अर्थ न कळलेल्या अक्षरावर आहे, आणि कादंबरी तिला हसत असली तरी शेवटी तिच्याच बाजूला उभी राहते.

डॉली ईश्वराचा उल्लेख अनेकवचनी सर्वनामाने करते. इंग्रजीत हे अनेकवचन कानाला खटकते. त्यात ग्रामीण संकोच आहे, त्रैक्याची पुसट आठवण आहे आणि थेट नाव घेण्याची भीतीही. मराठीत ‘त्यांना’ म्हटल्याबरोबर ते आदरार्थी होऊन जाते आणि खटका संपतो. शिवाय मराठी भक्तिपरंपरेत आदरार्थी अनेकवचन सासऱ्यांना, गुरुजींना. विठोबाला मात्र ‘तू’. डॉलीचे अनेकवचन मराठीत आणायचे तर आपल्या भाषेतील देवाची जवळीक आड येते. भाषांतराची अडचण क्वचितच इतक्या लहान शब्दात इतकी मोठी असते.

दुसरे स्थळ एकविसाव्या प्रकरणातले. तीस-बत्तीस वर्षांनी सायलस मुलीला, एपीला, घेऊन लँटर्न यार्डात जातो. चोरीचा खरा छडा लागला का, आणि चिठ्ठ्यांचा अर्थ काय, हे त्याला धर्मगुरूंना विचारायचे आहे. तुरुंगाची गल्ली सापडते. प्रार्थनागृह मात्र नाही. त्या जागी मोठा कारखाना उभा आहे आणि दुपारच्या सुट्टीत माणसांचा लोंढा बाहेर पडतो आहे. विचारायला कोणी उरलेले नाही. उत्तर चुकीचे मिळाले असते तरी ते उत्तर ठरले असते. येथे प्रश्नच बेपत्ता झाला आहे. परतल्यावर डॉलीशी बोलताना तो मान्य करतो की हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि तरीही मूल आल्यापासून भरवसा ठेवण्यापुरता उजेड आपल्याला मिळाला आहे. त्याला मिळते ते हे, आणि ते हरवलेल्या वस्तूहून निराळे आहे. जुनी श्रद्धा खुणेवर उभी होती, ही खुणेवाचून चालते. ‘परत’ हा शब्द येथे लागू पडत नाही.

हे प्रकरण कोठे बसून वाचले जाते, याला महत्त्व आहे. केंद्रीय मंडळाची परीक्षा वाचकाला स्थळ नसल्याचे गृहीत धरते, आणि न्यायाच्या दृष्टीने तिला ते धरावेच लागते. वाचक मात्र कोठेतरी राहत असतो. जयपूरचे आदर्श नगर हे उदाहरण घ्यावे. तटबंदीच्या शहराबाहेरची ही वसाहत १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाब व सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीने आकाराला आली. मुलतानहून आलेल्या दिगंबर जैन समाजाचे तेथील मंदिर आजही मुलतानचे नाव धारण करते. तेथील मुलांच्या आजोबा-पणजोबांचेही एक लँटर्न यार्ड होते. फरक इतकाच की जाऊन पाहण्याचा मार्गही बंद झाला. सायलस पंथातून एकटा बाहेर फेकला गेला, म्हणून त्याने बरोबर आणले ते केवळ हातातले कसब. मुलतानचे लोक एकत्र निघाले आणि त्यांनी गावाचे नाव देवळाला देऊन टिकवले. श्रद्धा आणि तगून राहणे यांचा संबंध व्यक्तीपुरता नसतो, तो समुदाय सोबत आहे की नाही यावर ठरतो, हा एलियटचाच मुद्दा या तुलनेत उजळतो. रॅव्हेलोत सायलस पुन्हा माणसात येतो तो प्रवचनाने नव्हे. मुलीला देवी टोचायची, तिचा बाप्तिस्मा करायचा, कपडे मागून आणायचे, म्हणून तो शेजाऱ्यांकडे जाऊ लागतो.

परीक्षेच्या वाचनाला मराठीत एक जुने, वेगळे उत्तर उपलब्ध आहे. ‘सायलस मार्नर’च्या आधारे साने गुरुजींनी (१८९९–१९५०) ‘मनूबाबा’ लिहिले. गुरुजी स्वतः शिक्षक होते. १९२४ ते १९३० या काळात त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले आणि पुढे सत्याग्रहात उतरले. अमळनेर हे गिरणीचे गाव, त्यामुळे मागावरचा माणूस आणि कारखान्याच्या भोंग्यावर चालणारी माणसे यांतले अंतर त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसणार. तथापि ‘मनूबाबा’कडे मराठी समीक्षेने कुमारवाङ्मय म्हणून पाहिले आणि सोडून दिले. तौलनिक दृष्टीने त्याचे केवळ शीर्षक तपासले तरी बरेच हाती येते.

एलियटचे पूर्ण शीर्षक नाव, आडनाव, व्यवसाय आणि गाव सांगते : सायलस मार्नर, रॅव्हेलोचा विणकर. शिरगणतीच्या नोंदीसारखे ते आहे, आणि गावात उपरा असलेल्या माणसाची ओळख तशीच असते. मराठीत आडनाव गेले, धंदा गेला, गावही गेले. उरले नाव आणि त्याला जोडलेला ‘बाबा’. हा शब्द बापाला लागतो, वडीलधाऱ्याला लागतो आणि साधूलाही. इंग्रजी कादंबरी ज्या स्थितीकडे शेवटी पोचते, तेथून मराठी रूपांतर नावातच सुरू होते. मुलीच्या नावातही असाच पालट आहे. एपी हे हेफ्झिबा या बायबलमधील नावाचे लाडके रूप, सायलसच्या आईचे आणि धाकट्या बहिणीचे नाव. म्हणजे मूल घरात येताच तुटलेला भूतकाळ नावातून परत जोडला जातो. मराठीतली सोनी गेलेल्या सोन्याची आठवण वागवते. एकीकडे नाव धर्मस्मृतीला बांधलेले, दुसरीकडे केसांच्या रंगाला आणि हरवलेल्या नाण्यांना.

यात काही गमावले जाते हे मान्य करायला हवे. चिठ्ठ्यांचा न्याय, पंथाची कडवी तर्कपद्धती, ईश्वराला खोटा साक्षीदार म्हणण्याचे धाडस, हे एलियटच्या कादंबरीचे बौद्धिक हाड आहे. ‘बाबा’ या शब्दाच्या मायेत ते मऊ होण्याचा धोका शीर्षकापासूनच आहे. गुरुजींच्या भावविवशतेवर मराठीत जी टीका झाली, तिचा काही भाग येथेही लागू करता येईल. पण त्यासोबत हेही लक्षात ठेवावे की बहिष्कार म्हणजे काय, हा प्रश्न या लेखकाला कोवळा नव्हता. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसलेला माणूस हा आहे. समुदायाने दार लावून घेतले की देवही परका होतो, हे लँटर्न यार्डाचे दुःख त्याने निराळ्या वाटेने ओळखले असावे.

शिवाय ‘बाबा’ला मूळ संहितेत आधार आहे. एपीचा जन्मदाता जमीनदार गॉडफ्रे कॅस तिला न्यायला येतो तेव्हा रक्ताचा, कायद्याचा आणि संपत्तीचा हक्क एका बाजूला असतो, सोळा वर्षांचे संगोपन दुसऱ्या बाजूला. एपी निवड करते आणि ती धर्माच्या नावाने नव्हे, सहवासाच्या नावाने करते. परीक्षेच्या साच्याप्रमाणे कादंबरीचा शेवट हा श्रद्धेच्या पुनःप्राप्तीचा असायला हवा होता. प्रत्यक्षात शेवटच्या ओळीत ईश्वर नाही, भरवसा नाही, लँटर्न यार्डही नाही. लग्न लागून सगळे घराच्या दारात आले आहेत, आणि शेवटचे उद्गार एपीचे आहेत. त्यांची सुरुवात वडिलांना मारलेल्या हाकेने होते.