मतभेद आणि मोजमाप : ब्रोडा बार्न्स यांच्या थायरॉइडविषयक पुस्तकाची चिकित्सा

गोषवारा

डॉक्टरांचे निदान न पटल्यामुळे थायरॉइडच्या विकारावर स्वतःच पूरके घेऊन उपाय करणाऱ्या रुग्णांच्या विचारामागे एक ग्रंथपरंपरा उभी आहे. ब्रोडा बार्न्स यांचे १९७६ मधील पुस्तक हा या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा होय. प्रस्तुत लेखात या पुस्तकाची मांडणी, त्यातील तक्रारीचे तथ्य, युक्तिवादातील दोष आणि पूरकांच्या बाजारपेठेने त्या तक्रारीला दिलेले वळण यांचा परामर्श घेतला आहे. रुग्णाचा मतभेद मोजमापाच्या आधारावरच टिकू शकतो आणि पूरके नेमका तोच आधार काढून घेतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : थायरॉइड, संप्रेरक, पूरके, टीएसएच चाचणी, रुग्णानुभव, डॉक्टर-रुग्ण संबंध.

१. प्रास्ताविक

गळ्याच्या पुढील भागात असणारी थायरॉइड ग्रंथी शरीरातील चयापचयाची गती ठरविते. तिचे कार्य मंदावले की थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे, केस गळणे, त्वचा कोरडी पडणे, बद्धकोष्ठ, मासिक पाळीतील बिघाड, मनाची उदासीनता अशी लक्षणे दिसू लागतात. या यादीकडे पाहिले असता एक गोष्ट लगेच ध्यानात येते. यातील एकही लक्षण केवळ थायरॉइडचे म्हणता येत नाही. अपुरी झोप, रक्तक्षय, रजोनिवृत्ती, नैराश्य, अतिश्रम यांतही हीच लक्षणे आढळतात. म्हणूनच 'मला बरे वाटत नाही' हे रुग्णाचे विधान आणि 'तुमचा अहवाल ठीक आहे' हे डॉक्टरांचे विधान या विकारात वारंवार समोरासमोर उभे ठाकते.

वैद्यकीय मानववंशशास्त्राचे अभ्यासक आर्थर क्लाइनमन यांनी १९८८ मधील आपल्या ग्रंथात डॉक्टरला दिसणारा रोग आणि रुग्णाने भोगलेले आजारपण यांत भेद केला आहे. या भेदाचे थायरॉइडइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कित्येक पटींनी अधिक आढळतो. त्यामुळे 'काही नाही, मनाचे आहे' या उत्तराचा भार मुख्यतः स्त्रियांनीच वाहिला आहे. बार्न्स यांचे पुस्तक या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे.

२. पुस्तकाचे स्वरूप

बार्न्स हे अमेरिकन डॉक्टर असून शिकागो विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास करीत असल्यापासून थायरॉइड हा त्यांचा विषय होता. १९४२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. त्या काळी थायरॉइडचे कार्य तपासण्यासाठी विश्रांतीच्या अवस्थेत शरीर किती प्राणवायू वापरते हे मोजले जाई. ही पद्धत किचकट व बेभरवशाची असल्याने सकाळी जागे होताच अंथरुणातच घेतलेले शरीराचे तापमान हे अधिक चांगले गमक ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. लॉरेन्स गाल्टन यांच्या साहाय्याने लिहिलेले 'हायपोथायरॉयडिझम : दि अनसस्पेक्टेड इलनेस' हे पुस्तक १९७६ मध्ये आले. याच विचाराचा विस्तार त्यात आढळतो.

पुस्तकाची रचना सरळ आहे. थकवा, डोकेदुखी, वारंवार होणारे संसर्ग, त्वचाविकार, पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व, उच्च रक्तदाब, हृदयविकार, स्थूलता अशा एकेका तक्रारीमागे ओळखू न आलेली थायरॉइडची मंदता कशी असते, हे बार्न्स आपल्या रुग्णांच्या हकिगतींतून सांगतात. चाचणीही घरच्या घरी करता येण्याजोगी आहे. काखेत दहा मिनिटे तापमापक ठेवावा; तापमान ९७.८ ते ९८.२ अंश फॅरनहाइटच्या खाली राहिले तर थायरॉइडची शंका घ्यावी. सुमारे ४० टक्के लोकांना हा विकार असल्याचा त्यांचा अंदाज होता. उपाय म्हणून ते प्राण्यांच्या वाळविलेल्या थायरॉइड ग्रंथीची गोळी देत.

या पुस्तकाच्या प्रभावाचे रहस्य त्याच्या भाषेत आहे. येथे डॉक्टरच रुग्णाला सांगतो की, तुझे खरे आहे आणि चाचणीचे चुकले आहे. वर्षानुवर्षे अविश्वास वाट्यास आलेल्या वाचकाला, विशेषतः स्त्रीवाचकाला, हे वाक्य औषधाइतकेच गुणकारी वाटले असल्यास नवल नाही. मेरी शोमन यांचे २००० मधील आणि जेनी बोथोर्प यांचे २००८ मधील पुस्तक यांत हीच भूमिका रुग्णांच्या बाजूने पुढे आली. बार्न्स डॉक्टर होते, या दोघी रुग्ण म्हणून लिहितात. बोलणारा बदलला, तरी तक्रार तीच राहिली.

३. तक्रारीतील तथ्य

ही तक्रार निराधार म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. प्राणिजन्य ग्रंथीचा उपाय हा वैद्यकाच्या मुख्य प्रवाहातूनच आला. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरी यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचला. पुढे हा उपचार चालू राहिला आणि ती स्त्री १९१९ पर्यंत जगली. एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन वेगळे केले. कृत्रिम थायरॉक्सिन सर्वत्र रूढ होण्यास त्यानंतरही कित्येक दशके लागली, तोवर वाळविलेली ग्रंथी हेच प्रमाण औषध होते.

दुसरा मुद्दा चाचणीचा. पिट्युटरी ग्रंथीकडून येणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाचे अचूक मापन १९६० च्या दशकाच्या मध्यास शक्य झाले. या चाचणीने जुन्या पद्धतींचे बहुतेक दोष दूर केले. तथापि तिची वरची मर्यादा कोठे आखावी, याविषयी तज्ज्ञांतही एकमत नव्हते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही मर्यादा अडीच ते तीनपर्यंत खाली आणण्याचे प्रस्ताव अमेरिकेत गांभीर्याने चर्चिले गेले. अहवालावरील रेषा ही निसर्गाने आखलेली नसते, हे रुग्णांचे म्हणणे त्यामुळे पूर्णतः चूक ठरत नाही.

तिसरा मुद्दा औषधाचा. शरीर थायरॉक्सिनपासून ट्रायआयोडोथायरोनिन हे अधिक प्रभावी संप्रेरक तयार करते, हे १९७० मध्ये सिद्ध झाल्यावर एकट्या थायरॉक्सिनची गोळी पुरेशी मानली गेली. १९९९ मध्ये ३३ रुग्णांवरील एका अभ्यासात दोन्ही संप्रेरके एकत्र दिल्यास मनःस्थिती सुधारते असे दिसले. मात्र २००६ मध्ये ११ चाचण्यांतील १२१६ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला असता दोन्ही उपचारांत फरक आढळला नाही. २०१३ मध्ये ७० रुग्णांना आळीपाळीने वाळविलेली ग्रंथी व थायरॉक्सिन देण्यात आले. कोणती गोळी चालू आहे हे रुग्णाला वा डॉक्टरला ठाऊक नव्हते. लक्षणे व स्मरणशक्ती यांच्या मापनात लक्षणीय फरक पडला नाही. तरीही ३४ रुग्णांनी ग्रंथीला पसंती दिली, १३ जणांनी थायरॉक्सिनला, तर २३ जणांना दोन्ही सारखेच वाटले.

हे अखेरचे आकडे विचारात पाडणारे आहेत. मापनपट्टीवर जे उमटले नाही ते निम्म्या रुग्णांना जाणवले. याचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न आजही मिटलेला नाही. महत्त्वाचे हे की, रुग्णांचा मतभेद येथे विज्ञानाबाहेर राहिला नाही. त्याची चाचणी झाली आणि तो नोंदला गेला.

४. युक्तिवादातील दोष

बार्न्स यांच्या पुस्तकात नेमकी हीच पायरी गाळलेली दिसते. सकाळचे तापमान झोप, उपास, खोलीतील गारवा, वय, मासिक चक्र अशा अनेक कारणांनी बदलते. तापमान कमी असणे हे थायरॉइडच्या मंदतेशी जुळते हे खरे. पण ते इतर असंख्य गोष्टींशीही जुळते. तापमानाची ही सैल कसोटी लक्षणांच्या लांबलचक यादीला जोडली की अशी चौकट तयार होते, जिच्यातून कोणीही बाहेर राहू शकत नाही. ४० टक्के हा आकडा अशा चौकटीतूनच संभवतो. ज्या कसोटीवर जवळजवळ कोणीच निरोगी ठरत नाही, ती कसोटी रोग ओळखते असे म्हणता येत नाही.

दुसरा दोष पुराव्याचा आहे. पुस्तकातील हकिगती बरे झालेल्यांच्या आहेत. गोळी न घेता किती जण बरे झाले असते, हे त्यांतून कळत नाही. या प्रश्नाचे उत्तर देणारी एक लहान चाचणी २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. लक्षणे आहेत पण अहवाल मर्यादेत आहे, अशा २५ रुग्णांना आळीपाळीने थायरॉक्सिन व निष्क्रिय गोळी देण्यात आली. निष्क्रिय गोळीनेही त्यांना बरे वाटले आणि थायरॉक्सिन त्याहून सरस ठरले नाही. या रुग्णांचा त्रास खोटा होता असे यातून सिद्ध होत नाही. त्रासाचे कारण थायरॉइडबाहेर शोधावयास हवे होते, एवढेच सिद्ध होते. बार्न्स यांची चौकट हा शोध थांबविते, आणि रुग्णाचे खरे नुकसान येथे होते.

तिसरी बाब काळाची आहे. चाचणीविषयीचा बार्न्स यांचा अविश्वास १९४२ च्या चाचण्यांपुढे योग्यच होता. पुढे चाचणी बदलली. अविश्वास मात्र जसाच्या तसा नव्या चाचणीवर लादला गेला. एके काळी चिकित्सक असलेली भूमिका अशा रीतीने श्रद्धेत रूपांतरित झाली.

५. पूरकांकडे वळण

बार्न्स आपल्या रुग्णाला मोजलेली मात्रा देत, डॉक्टर या नात्याने त्याच्यावर लक्ष ठेवीत. त्यांच्या वाचकांपैकी ज्यांना असा डॉक्टर मिळाला नाही, त्यांच्यापुढे दुकानातील बाटली होती. १९९४ च्या अमेरिकन कायद्याने आहारपूरकांना विक्रीपूर्वी परिणामकारकता सिद्ध करण्याची अट ठेवली नाही. मतभेदाला बाजारपेठ मिळाली ती येथे.

या बाटल्यांत काय असते? २०१३ मध्ये 'थायरॉइडचे आरोग्य' राखण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या दहा पूरकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी नवांत ट्रायआयोडोथायरोनिन आणि पाचांत थायरॉक्सिन आढळले. म्हणजे डॉक्टरांचे संप्रेरक नाकारून 'नैसर्गिक' उपाय घेणारी व्यक्ती प्रत्यक्षात संप्रेरकच घेत होती, फक्त मात्रा माहीत नसलेले. अशा जादा संप्रेरकाने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांची हाडे झिजू शकतात.

आयोडीनचे उदाहरणही असेच उद्बोधक आहे. आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो आणि मिठातून ते दिल्यास टळतो, हे विसाव्या शतकातील सार्वजनिक आरोग्याचे मोठे यश होय. परंतु प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम आहे. आयोडीनचा अतिरेक झाल्यास ग्रंथी संप्रेरक बनविणे तात्पुरते थांबविते, हे वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ मध्ये दाखविले. निरोगी ग्रंथी यातून सावरते. हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या विकाराने, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने दुबळी झालेली ग्रंथी सावरेलच असे नाही. जेथे आयोडीनयुक्त मीठ पोहोचले आहे तेथे थायरॉइडच्या मंदतेचे प्रमुख कारण हाच विकार असतो. समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेणारा रुग्ण बहुधा नसलेली कमतरता भरून काढीत असतो.

बायोटिनचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. केस गळतात म्हणून घेतले जाणारे हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असल्यास थायरॉइडच्या काही चाचण्यांत अडथळा आणते. टीएसएच खोटे कमी आणि थायरॉक्सिन खोटे अधिक दिसू शकते. मंद ग्रंथीचा अहवाल अतिसक्रिय ग्रंथीसारखा येऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी इशारा दिला. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनबरोबर घेतल्यास औषधाचे शोषण घटते, म्हणून त्यांत चार तासांचे अंतर ठेवण्यास सांगितले जाते. 'औषध लागू पडत नाही' ही तक्रार कित्येकदा येथूनही उद्भवू शकते. या पूरकांविषयी डॉक्टरांना सांगितले नाही तर दोघेही चुकीच्या अहवालावरून वाद घालीत राहतात.

६. भारतीय संदर्भ

हा प्रश्न आपल्याकडे परका राहिलेला नाही. हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता दाखविली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मुंबई व गोवा यांसह आठ ठिकाणच्या ५३७६ प्रौढांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के व्यक्तींत थायरॉइडची मंदता आढळली. त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश जणांना आपल्या विकाराची कल्पना नव्हती. म्हणजे 'न ओळखलेला आजार' हे बार्न्स यांचे शीर्षक येथेही काही अंशी खरे ठरते. पण तो आजार ओळखला गेला रक्ताच्या चाचणीने, हे विसरता येत नाही. अश्वगंधेसारखी वनस्पती निरुपद्रवी समजून घेतली जाते. तिच्या सेवनानंतर थायरॉइड अतिसक्रिय झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत.

७. समारोप

बार्न्स यांच्या पुस्तकाचे मोल त्याच्या निदानात नाही, त्याने रुग्णाचे ऐकून घेतले यात आहे. जे काम दवाखान्यातील पाच मिनिटांत झाले नाही ते या पुस्तकाने केले, आणि त्याची किंमत म्हणून वाचकाकडून चाचणीवरील विश्वास काढून घेतला. हा व्यवहार रुग्णाला महागात पडणारा आहे. डॉक्टरांशी असहमत होण्याचा अधिकार रुग्णाला आहेच. मर्यादा कोणती धरली, मात्रा का बदलत नाही, थकव्याचे दुसरे कारण तपासले का, हे प्रश्न त्याने विचारावयास हवेत. आणि 'अहवाल ठीक आहे' यावर संभाषण संपत नाही, हे डॉक्टरांनीही मान्य करावयास हवे. मात्र हे प्रश्न ज्या आकड्यांच्या बळावर विचारता येतात, ते आकडेच न सांगता घेतलेल्या पूरकांनी गढूळ होतात. तसे झाले की रुग्णाच्या हाती डॉक्टरांना दाखविण्याजोगे काहीच उरत नाही. म्हणून जो रुग्ण घेत असलेल्या प्रत्येक गोळीची यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसतो, त्याचाच मतभेद ऐकला जाण्याची शक्यता अधिक असते.