हिरव्या रकान्यांचा हिशेब

महाविद्यालयांचे मूल्यमापन करणाऱ्या ‘नॅक’ने २०१७ साली आपली प्रश्नावली नव्याने मांडली. तिच्या सातव्या निकषात पर्यावरणाविषयी एक नेमका प्रश्न होता : वर्षभरात लागणाऱ्या विजेपैकी किती टक्के वीज अक्षय स्रोतांतून मिळते? पुढे २०२० च्या सुमारास तो बदलला. टक्केवारी गेली आणि पाच पर्याय आले : सौर ऊर्जा, बायोगॅस, ग्रिडला वीज देणे, सेन्सरने वीजबचत आणि एलईडी दिवे. यांपैकी किती सोयी आहेत तेवढे मोजायचे. चार असल्या तर उत्तम, एक असली तर कनिष्ठ.

या बदलामागची अडचण समजण्यासारखी आहे. टक्केवारी तपासणे कठीण असते आणि सोय आहे की नाही हे छायाचित्रावरूनही दिसते. अशा प्रश्नांच्या निमित्ताने छपरांवर सौर तावदाने आणि वर्गांत एलईडी दिवे बसवण्याला जोर मिळाला, तेही श्रेय मान्य केले पाहिजे. तरीही ‘किती’ हा प्रश्न काढून ‘आहे का’ हा प्रश्न घातला की विज्ञान मागे पडते आणि यादी उरते. याचा परिणाम पाहण्यासाठी एक उदाहरण करून पाहू.

रेवदंड्यासारख्या गावी चारशे विद्यार्थ्यांचे एक महाविद्यालय आहे अशी कल्पना करा. विद्यार्थी चौल, नागाव, साळाव, कोर्लई अशा गावांहून येतात. विजेचे बिल महिन्याला सरासरी १,००० युनिटांचे, म्हणजे वर्षाला १२,००० युनिटांचे आहे. आपल्या देशात ग्रिडमधील एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे विजेपोटी वर्षाला ८.४ टन.

आता फाटकाबाहेर पाहू. शंभर विद्यार्थी दुचाकीने येतात, जाऊन-येऊन रोज २० किलोमीटर, वर्षाचे २०० दिवस. एका गाडीचे ४,००० किलोमीटर झाले. लिटरला ५० किलोमीटर धरले तर ८० लिटर पेट्रोल जळाले. एका लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास, पण त्यातून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. विद्यार्थी येथे हमखास अडतात. उत्तर सोपे आहे : उरलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. १२ ग्रॅम कार्बन जळून ४४ ग्रॅम वायू होतो. तेव्हा एका गाडीमागे १८४ किलो आणि शंभर गाड्यांमागे १८.४ टन. विजेच्या दुपटीहून अधिक!

या आकड्याला प्रश्नावलीत जागा कोठे आहे? ‘आवारात वाहनांना मर्यादित प्रवेश’ असा एक पर्याय आहे. गाड्या फाटकाबाहेर चिंचेखाली लावल्या की तो पूर्ण होतो. पेट्रोल मात्र तितकेच जळते. माझी मुख्य तक्रार हीच आहे. प्रश्नावलीची हद्द कुंपणापाशी संपते, वायूची हद्द तेथे संपत नाही.

उपायांचीही तुलना करू. शंभर जुन्या नळीदिव्यांच्या जागी एलईडी लावले, प्रत्येकी ३० वॉट वाचले आणि दिवे वर्षाला १,००० तास चालले, तर ३,००० युनिटे, म्हणजे सुमारे २ टन वाचतात. पाच किलोवॉटचा सौर संच वर्षाला सुमारे ७,००० युनिटे देतो, म्हणजे सुमारे ५ टन. वाढलेले एक झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो शोषते. तेव्हा शंभर झाडांचे २ टन, पण ती वाढल्यावर. ५ जूनला लावलेले आणि पुढच्या मे महिन्यात वाळलेले रोप हिशेबात शून्य असते, अहवालात मात्र ते एक झाड असते.

आणि दुचाकीवरचे पन्नास विद्यार्थी एस.टी.ने येऊ लागले तर? गाडी त्या रस्त्याने एरवीही धावतच असेल, तर जवळजवळ ९ टन वाचतात. त्यासाठी एकही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. तासिकांची वेळ आणि गाडीची वेळ जुळवावी लागते, त्याकरिता आगाराला पत्र लिहावे लागते. या पत्राला कोणत्याच रकान्यात गुण नाहीत.

यावर कोणी विचारील, एवढ्याशा महाविद्यालयाने हे का करावे? भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड पडतो, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. रेवदंड्याच्या पुलापलीकडे साळावला नैसर्गिक वायूवर स्पंज आयर्न करण्यासाठी उभारलेला कारखाना आहे. अशा उद्योगांपुढे आपले पंचवीस-तीस टन कोठे मोजायचे? आक्षेप खरा आहे. महाविद्यालयाच्या बचतीने समुद्राची पातळी थांबणार नाही, आणि थांबेल असे विद्यार्थ्यांना सांगणे खोटेपणा ठरेल.

पण महाविद्यालयाचा माल वीज किंवा पोलाद नाही. उद्या कारखान्याचा, ग्रामपंचायतीचा किंवा सरकारचा अहवाल वाचून ‘हे किती?’ असे विचारणारा माणूस तेथे घडायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. त्या विषयाचा प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांनी छापील माहिती उतरवून काढायची आणि महाविद्यालयाचा हरित अहवाल बाहेरच्या माणसाने लिहायचा, ही विभागणी मला सर्वांत चुकीची वाटते. अहवाल हाच प्रकल्प असायला हवा.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा जिल्ह्यातील नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. एका वादळाचे कारण तापमानवाढ आहे असे म्हणता येत नाही, पण तापलेला समुद्र वादळांना बळ देतो हे पक्के आहे. ज्या मुलांच्या घरची वाडी पडली, त्यांना रकाने भरायला लावणे ही थट्टा आहे.

शिक्षकांनी एवढे करून पाहावे : बारा महिन्यांची वीजबिले, हजेरीपटावरील गावांची अंतरे आणि गतवर्षी लावलेल्या रोपांपैकी आज जिवंत असलेली रोपे. तीन तक्ते, एक वर्ग, दोन तासिका. उत्तर लाजिरवाणे आले तरी फळ्यावर लिहावे. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तुलनेसाठी तेच लागेल.