आडव्या रेघेची किंमत

हिवाळ्यात जालना जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत एक दिवस असा उगवतो की वर्गाचा बाजार होतो. बाकं अंगणात येतात, त्यांच्यावर घरच्या चादरी पडतात, आणि सहावी-सातवी-आठवीची मुलं भेळ, पोहे, चहा, बोरांचे वाटे मांडून गिऱ्हाइकांना हाका मारू लागतात. कुठे याला आनंदनगरी म्हणतात, कुठे बाल आनंद मेळावा. स्काउट-गाइडच्या मुलांना तो ‘खरी कमाई’ या नावानं ठाऊक असतो. पाहुणे भेळ खातात, फोटो काढतात, परत जातात. मला मात्र या दिवसाची सगळ्यांत देखणी निर्मिती वाटते ती संध्याकाळची: वहीच्या पानावर मांडलेला हिशेब. कवितेसारखंच ते पान सावकाश, ओळीओळीनं वाचावं असं असतं.

नमुन्यादाखल एक पान इथे देत आहे. आकडे माझे आहेत, ठेवण मात्र अशा पानांची. सातवीतल्या तीन मैत्रिणींचं भेळेचं दुकान आहे असं समजू.

भांडवल: २०० + १५० + १५० = ५०० रु.
मुरमुरे, २ किलो: १४० रु.
शेव, १ किलो: २०० रु.
कांदे, टोमॅटो, कोथिंबीर: ८० रु.
द्रोण, ६० नग: ८० रु.
शेंगदाणे, चिंच, गूळ (घरचं): —
एकूण खर्च: ५०० रु.
विक्री: ५४ द्रोण × १० = ५४० रु.
शेवटचे ६ द्रोण × ५ = ३० रु.
गल्ला: ५७० रु.
नफा: ७० रु.

पहिली दाद द्यायची ती मांडणीला. पानाची सुरुवात भांडवलानं होते. आधी काय घातलं, मग काय गेलं, मग काय आलं आणि सगळ्यात शेवटी काय उरलं. व्यवहार जसा घडला तसाच तो कागदावर उतरला आहे. ‘२ किलो’, ‘६० नग’ हे तपशीलही सुटलेले नाहीत. नुसती रक्कम लिहून मुली थांबल्या असत्या, तर पुढच्या वर्षी या पानाचा कुणाला उपयोग झाला नसता. याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात एक पूर्ण समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर नेटकं आणि ओळी सुट्या ठेवण्याचा त्यांचा आग्रह हिशेबाच्या पानाला तर फारच लागू पडतो. रकाने सरळ असले की चूक लपत नाही.

मग येतो गल्ला. डब्यातल्या नोटा आणि नाणी मोजून पाचशे सत्तर भरले, तेव्हा त्या मुलींना केवढा आनंद झाला असेल! पण पान त्यांना तिथे थांबू देत नाही. गल्ला म्हणजे नफा नव्हे, ही व्यापाराची पहिली शिकवण ते एका वजाबाकीत देऊन जातं. बालभारतीच्या सहावीच्या गणितात ‘नफा-तोटा’ हे तेरावं प्रकरण आहे. त्याच्या आधी शेकडेवारी, नंतर बँक व सरळव्याज. या क्रमात फार समजूत आहे. सत्तर रुपये नफा ही बातमी झाली. पाचशेवर सत्तर म्हणजे शेकडा चौदा, हे तिचं मोजमाप झालं. शेजारच्या बाकावर शंभर रुपये घालून वीस रुपये मिळवणारा चहावाला पोरगा रकमेनं मागे असला, तरी शेकड्यानं पुढे आहे, हे मुलांना इथेच उमगतं.

आता विक्रीच्या ओळीजवळ थोडं रेंगाळू. दहा रुपयांना एक द्रोण, म्हणजे पाचशे रुपये सुटायला पन्नास द्रोण खपायला हवेत. याचा अर्थ पन्नासाव्या गिऱ्हाइकापर्यंत मुली स्वतःचेच पैसे परत मिळवत होत्या. कमाईला आरंभ झाला तो एक्कावन्नाव्या द्रोणाला. सकाळभर दुकानापुढे उसळलेली गर्दी आणि दुपारी रेंगाळत आलेलं एखादं गिऱ्हाईक, यांत खरं मोलाचं कोण, हे पानाच्या पोटात दडलेलं आहे. गावातला टपरीवाला दिवस मावळेपर्यंत उठत नाही, त्यामागेही हेच गणित असतं.

मला सर्वांत सुंदर वाटते ती ‘शेवटचे ६ द्रोण’ ही ओळ. एक द्रोण पडला सव्वाआठ रुपयांहून थोडा जास्त, आणि मुलींनी तो विकला पाच रुपयांना. पुस्तकी व्याख्येनं पाहिलं तर हा तोटा. पण मुरमुरे सादळायला लागले होते, घंटा व्हायची वेळ झाली होती आणि खर्च तर आधीच होऊन गेला होता. ते सहा द्रोण तसेच उरले असते, तर नफा चाळीसच राहिला असता. भाव उतरवला म्हणून तो सत्तर झाला. बाजार उठताना मेथीची जुडी निम्म्या भावात देणारी बाई हे शहाणपण हातात बाळगून असते. तेच शहाणपण तेरा वर्षांच्या मुलींनी एका ओळीत पकडलं आहे.

पुढे वाटणी. सातवीच्या पुस्तकात भागीदारी येते, ती इथे जिवंत होते: चार, तीन, तीन या प्रमाणात सत्तरचे अठ्ठावीस, एकवीस, एकवीस. गणित अचूक आहे. तरी तिघींपैकी एखादी विचारीलच, “दिवसभर भेळ मीच कालवली, त्याचं काय?” हा प्रश्न आला की पान पुन्हा वर सरकवावं लागतं आणि आतापर्यंत नजरेतून निसटलेल्या एका खुणेवर बोट टेकतं. ‘घरचं’ या शब्दापुढे रक्कम नाही, नुसती आडवी रेघ आहे.

या पानाचं मर्म त्या रेघेत आहे. शेंगदाणे घरचे, चिंच घरची, गूळ घरचा; म्हणून त्यांना किंमत नाही, असं मुलींनी मनापासून मानलं. दुकानात घेतलं असतं तर पन्नास रुपये पडले असते असं धरू. मग नफा उरतो वीस. शिवाय आदल्या रात्री आईनं शेंगदाणे भाजले, चिंच कोळली, कांदा चिरून दिला; तिचे दोन तास गेले. तासाला वीस रुपये, म्हणजे अगदी नाममात्र मोल धरलं, तरी चाळीस होतात, आणि वीस रुपयांचा नफा वीस रुपयांच्या तोट्यात जातो. एकही आकडा खोटा लिहिलेला नसताना सगळ्या पानाचा अर्थ बदलतो.

जालन्याच्या मुलांना ही रेघ परकी नाही. ती त्यांच्या घरातच आहे. मोसंबी किंवा कांदा बाजार समितीत नेल्यावर हाती जी पट्टी येते, तिच्यावर वजन आणि भाव असतो, हमाली-तोलाई असते आणि खाली हाती पडलेली रक्कम असते. वर्षभर आईनं केलेली खुरपणी, आजोबांनी दिलेलं रात्रीचं पाणी तिच्यावर नसतं. देशाच्या पातळीवर मात्र या रेघेला नाव मिळालं आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च मांडतो, तेव्हा प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च म्हणजे ‘ए-२’. त्यात घरच्या माणसांच्या कष्टांचं मोल मिळवलं की होतो ‘ए-२ अधिक एफएल’. आणि स्वतःच्या जमिनीचं भाडं व भांडवलावरचं व्याजही धरलं की ‘सी-२’. हमीभाव दीडपट असावा तो कोणत्या खर्चाच्या, यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. त्या वादाचं बीज भेळेच्या या पानात आहे, आणि सातवीतली मुलगी ते समजू शकते.

म्हणून या पानावर लाल शाईनं ‘बरोबर’ लिहून ते परत देणं मला पुरेसं वाटत नाही. ज्या शिक्षिका आनंदनगरीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन बसतात आणि “ही रेघ किती रुपयांची?” एवढंच विचारतात, त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. बियाणं आणि पोलाद यांच्या उद्योगांसाठी जालना ओळखलं जातं. यातली काही मुलं उद्या त्या गाळ्यांत, पेढ्यांत, दुकानांत हिशेब सांभाळतील. रेघ वाचायला शिकलेलं मूल तिथे मजुराचा तास विसरणार नाही, स्वतःचाही विसरणार नाही.

आणि त्याच्याही आधी, त्याच संध्याकाळी, एखादी मुलगी एकवीस रुपये मुठीत घेऊन घरी जाईल, चुलीपाशी बसलेल्या आईला विचारील, “परवा रात्री तू किती वेळ बसली होतीस गं?” आणि वही उघडून त्या रेघेवर पहिल्यांदा एक आकडा लिहील.