दर्या आणि दऱ्या : अक्षररचनेच्या शिक्षणातील एक प्रश्न

महाविद्यालयीन शिक्षणात ‘ग्राफिक डिझाइन’ आणि ‘वेब डेव्हलपमेंट’ हे दोन विषय आज बहुधा शेजारी शेजारी नांदतात. पहिल्यात अक्षराच्या वळणाचा व मांडणीचा विचार होतो. दुसऱ्यात तेच अक्षर यंत्रात कसे साठवावे, कसे शोधावे आणि पडद्यावर कसे आणावे याचा. रोमन लिपीपुरते पाहिले तर या विभागणीने फारसे अडत नाही. कारण त्या लिपीत साठवलेले चिन्ह आणि दिसणारे चिन्ह यांचे नाते सामान्यतः एकास एक असते. देवनागरीत ते तसे नाही. त्यामुळे मराठी अक्षर या दोन विषयांच्या मधोमध, कोणाच्याच वाट्याला न येता राहून जाते. ही उणीव केवळ तांत्रिक आहे की भाषेच्या ज्ञानाशी तिचा संबंध पोचतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

या तपासणीस रत्नागिरी हे ठिकाण विशेष उपयुक्त ठरते. लिपी आणि यंत्र यांचा संबंध ज्यांनी गांभीर्याने विचारात घेतला अशा दोन व्यक्तींची नावे या गावाशी निगडित आहेत. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली येथे झाला. ‘केसरी’च्या छपाईच्या निमित्ताने खिळ्यांची संख्या कशी घटवता येईल याचा त्यांनी विचार केला, आणि १९०५ साली काशी येथे नागरी प्रचारिणी सभेपुढे समान लिपी म्हणून देवनागरीचा पुरस्कार केला. पुढे वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते; तेव्हा त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र स्वररूपे सोडून अि, अी, अु, अू अशी ‘अ’ची बाराखडी वापरावी आणि जोडाक्षरे एकाखाली एक न रचता एका ओळीत लिहावी, ही तिची प्रमुख सूत्रे होत.

सावरकरांची योजना लहरीपणाची नव्हती. ओ आणि औ ही रूपे ‘अ’वर मात्रा देऊनच सिद्ध होतात, तेव्हा तोच नियम इकार-उकारांना लावणे हे तर्काला धरूनच होते. हाताने खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरपुढे देवनागरीची शेकडो खिळ्यांची केस असे, आणि टंकयंत्रावर तर कळांची संख्या ठरलेली. अशा स्थितीत यंत्र अचल आहे, म्हणून लिपीने वाकावे, असा निष्कर्ष निघणे स्वाभाविक होते. तथापि त्या युक्तिवादातील दुबळा दुवाही नेमका हाच होता. यंत्राची मर्यादा ही त्या काळाची मर्यादा होती. ती लिपीची मर्यादा नव्हे.

पुढे यंत्रच बदलले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८८ साली निश्चित झाली व १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. या दोन्ही प्रणालींनी एक महत्त्वाचे तत्त्व स्वीकारले : देवनागरी मजकूर दृश्यक्रमाने न साठवता उच्चारक्रमाने साठवावा. ‘गि’ लिहिताना हात आधी वेलांटी काढतो, परंतु यंत्रात ‘ग’ आधी येतो आणि वेलांटी नंतर. ‘रत्नागिरी’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात : र, त्ना, गि, री. यंत्रात मात्र र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी अशी नऊ चिन्हे असतात. या नवांतून ती चार अक्षरे घडवण्याचे काम टंकात अंतर्भूत असलेले नियम आणि ते राबवणारी प्रणाली करतात. सावरकरांना लिपीवर लादावे लागलेले ओझे आता यंत्राने उचलले आहे.

मग उणीव उरते ती कोठे? ती विद्यार्थ्याच्या शिक्षणात उरते. रोमन उदाहरणांवर तयार झालेला डिझाइनचा विद्यार्थी शीर्षकातील अक्षरांमधील अंतर वाढवतो आणि शिरोरेषा तुटते. तो ओळींमधील अंतर आवळतो आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी मजकूर तिसऱ्या चिन्हाशी तोडतो आणि ‘रत्नागिरी’चे ‘रत्’ होते. पहिल्याला आतील नऊ चिन्हे ठाऊक नाहीत, दुसऱ्याला बाहेरची चार अक्षरे.

याहून सूक्ष्म प्रश्न ‘र’चा आहे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतही असाच अर्थभेद आहे. हा भेद मराठीला अर्थदृष्ट्या आवश्यक आहे. केवळ हिंदीच्या सवयीने टंक घडवणाऱ्याला तो जाणवणार नाही. युनिकोडमध्ये ‘दऱ्या’ दोन प्रकारे लिहिता येते : एक तर ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. शोध घेताना मात्र यंत्र त्यांना भिन्न शब्द मानू शकते. ‘ॲ’ची कथाही अशीच आहे. हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले; त्यापूर्वी ‘अ’वर अर्धचंद्र देऊन काम भागवले जाई, आणि दोन्ही रीतींचा मजकूर आज एकत्र नांदतो. सावरकरपद्धतीने छापलेला ‘अितिहास’ जसाच्या तसा संगणकात उतरवला, तर ‘इतिहास’ शोधणाऱ्या अभ्यासकाला तो सापडणार नाही. संकेतस्थळ किंवा ग्रंथालयाची सूची घडवणाऱ्याने ही रूपे आधी एका साच्यात आणली पाहिजेत. आणि ती आणण्यासाठी लागणारे ज्ञान हे मुळात भाषेचे ज्ञान आहे.

अक्षररूपांच्या बाबतीतही हेच दिसते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात वर्णमालेची व लिपीची प्रमाण रूपे निश्चित केली. ज्या टंकांत दोन्ही वळणांची सोय असते, त्यांत पानाची भाषा मराठी असल्याचा निर्देश केला की मराठी वळण आपोआप निवडले जाऊ शकते. हा निर्देश म्हणजे पानाच्या आरंभी लिहावयाची दोन अक्षरी खूण. ती देणारा प्रोग्रॅमर आणि वळण रेखाटणारा चित्रकार यांनी एकमेकांचे काम जाणले तरच ती सार्थ होते.

दोन्ही बाजू जाणणारा अभ्यासक मराठीत झालाच नाही असे नाही. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी होते, सुलेखनकार होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले, आणि विंडोज प्रणालीबरोबर घरोघर पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनी रेखाटला. त्यांच्या कार्याचे महत्त्व एका टंकापुरते नाही. बोरूने काढलेले अक्षर आणि संकेतांकाने साठवलेले अक्षर हा एकाच अभ्यासाचा विषय आहे, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

यावर एक आक्षेप संभवतो. रत्नागिरीचा विद्यार्थी उपजीविकेसाठी मुंबई-पुण्यास जाणार, तेथे त्याला काम इंग्रजीत मिळणार. मग देवनागरीचा हा व्याप त्याच्या माथी कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. इंग्रजी संकेतस्थळ घडवणारे जगात असंख्य आहेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद जन्मतः ज्याच्या कानात आहे असा प्रोग्रॅमर मात्र मराठी प्रदेशातच मिळणार. शिवाय ग्रामपंचायतीचा दाखला, आंबा बागायतदाराची जाहिरात, स्थानिक नियतकालिकाचे जुने अंक हे सारे पडद्यावर यावयाचे आहे. ते जर चित्ररूपानेच आले, शोधता न येणारे, मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही न वाचता येणारे, तर मराठी पडद्यावर दिसेल, परंतु व्यवहारात असणार नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात संगणकशास्त्राचे शिक्षण मिळते, आणि चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथे कलामहाविद्यालय आहे. अशा दोन परंपरांच्या मध्ये मराठी विभागाने उभे राहावे, हे उचित होय. देवनागरीची वर्णव्यवस्था, जोडाक्षरांचे नियम, संकेतांकन आणि टंकरचना यांचा एक संयुक्त अभ्यासपत्र भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने शिकवावा. त्याच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याने एक जुने मराठी पान शोधता येईल अशा रूपात पडद्यावर आणावे. यंत्रासाठी लिपी बदलण्याचा वाद येथे शतकापूर्वी झाला. यंत्र आता लिपीला अनुकूल झाले आहे; अभ्यासक्रमाने तितकेच करणे बाकी आहे.