तीन स्थानके, एक प्रवासी

ॲमस्टरडॅम, अँटवर्प आणि ब्रसेल्स ही शेजारची शहरे एकट्याने आगगाडीतून पाहणाऱ्यास त्यांचा स्वभाव प्रथम स्थानकावरच कळतो, असे आमचे मत आहे.

ॲमस्टरडॅमचे स्थानक (१८८९) कायपर्स या वास्तुकाराचे. तेथील राष्ट्रीय संग्रहालयही (१८८५) त्याचेच; दोन्ही वास्तू लाल विटांच्या, जणू सख्ख्या बहिणी. तथापि या स्थानकाने शहर आणि त्याचे पाणी यांमध्ये भिंत घातली, हा जुना आक्षेप रास्तच होय.

१९०५ साली पूर्ण झालेल्या अँटवर्पच्या स्थानकास लोक 'रेल्वेचे कॅथीड्रल' म्हणतात. देलासेन्सरीच्या घुमटाखाली मान आपोआप वर होते. देवळाच्या सभामंडपात वावरलेल्या आमच्या वाचकांस हा अनुभव परका नाही. परंतु मंडपातून आपण गाभाऱ्याकडे जातो. येथे घुमटाखाली वैभवच तेवढे विराजमान आहे. ते पाहताना काँगो आठवल्यावाचून राहत नाही. १८८५ ते १९०८ पर्यंत तो प्रदेश राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ता होता, आणि तेथे वेठीने गोळा केलेले रबर याच नगराच्या बंदरात उतरे. घुमटाचे सौंदर्य त्यामुळे खोटे ठरत नाही, पण ते निष्पापही वाटत नाही.

ब्रसेल्सचे मध्यवर्ती स्थानक (१९५२) होर्ताने योजिले. त्याच्या निधनानंतर ब्रुनफोने ते तडीस नेले. फलाट जमिनीखाली आहेत. येथे डोळे दिपत नाहीत. पायऱ्या चढून आले की माणूस थेट नगरात येतो. एकट्या वाटसरूस दिपविण्यापेक्षा वाट दाखवावी, हे स्थानकाचे पहिले कर्तव्य. आमचा कौल म्हणून ब्रसेल्सला.