परमुलखातली बतुकम्मा

करीमनगर, वरंगळ, नलगोंड्याहून धोट्यामागोमाग निघालेले आपले वाडवडील भिवंडीत कसे स्थिरावले आणि पद्मानगरात मंडळाच्या जागेसाठी किती अर्जविनंत्या कराव्या लागल्या, हा इतिहास सभासदांना मुखोद्गत असल्याने त्याची उजळणी करीत नाही. मला लिहावयाचे आहे ते बतुकम्मेविषयी. कारण भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत, यंत्रमागांच्या खडखडाटातही, आपल्या स्त्रियांनी जो पुष्पोत्सव अखंड राखला, त्याचे ऋण कोणत्याही ठरावाने फिटणारे नाही. २०१४ साली तेलंगणाने त्याला राज्योत्सवाचा दर्जा दिला. आपल्या अक्कांनी मात्र तो सरकारदरबारी दाखल होण्यापूर्वीपासूनच बिनबोभाट चालवला आहे. पहाटे कल्याणचा फूलबाजार गाठून दुपारपर्यंत पितळी ताटावर थर रचीत बसणाऱ्या या माउलींपुढे भगीरथाचा उद्योगही फिका पडावा.

कोरड्या दख्खनी माळावरचा तंगेडू, म्हणजे तरवड, या दमट मुलखात सहजी गवसत नाही. म्हणून त्याच्या जागी झेंडू आला, आणि गुनुग्याचे म्हणजे कुरडूचे तुरे बाजारी रंगांत बुडू लागले. याची खंत मलाही होती. तथापि माझगावच्या चिनी बांधवांकडे पाहिल्यापासून ती ओसरली आहे. कँटनकडच्या खलाशांनी १९१९ च्या सुमारास तेथे क्वान कुंगचे देऊळ उभारले. पुढे १९६२ च्या युद्धाने देशभरातील चिनी कुटुंबांवर संशयाची छाया पडली, हजारोंना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले, आणि नंतर कित्येकांनी कॅनडाची वाट धरली. नववर्षाच्या मध्यरात्री उरलेली कुटुंबे त्या देवळात जमतात खरी. परंतु सिंहनृत्यातल्या एकेका सिंहाच्या झुलीखाली दोन धडधाकट गडी लागतात, आणि पांगलेल्या समाजाला ते कोठून मिळावेत? फुलाला पर्याय सापडतो, माणसांना नाही; झेंडूने आपली बतुकम्मा बाटत नाही.

गेल्या सद्दुला बतुकम्मेला, म्हणजे उत्सवाच्या अखेरच्या दिवशी, वऱ्हाळादेवी तलावाकाठी जे दृश्य पाहिले, ते अद्याप डोळ्यांपुढून हलत नाही. हळदीची गौरम्मा शिखरावर बसवून आजीबाईंनी टाळी दिली, रिंगण फिरू लागले, आणि त्यात मराठी शाळेत शिकणारी एक दहाबारा वर्षांची पोर तळहातावर देवनागरीत लिहून घेतलेले तेलुगू गाणे वाचीत पावले टाकीत होती. घामाने शाई फिसकटली, शब्द पुसले गेले, तशी ती शेजारणीच्या ओठांकडे पाहून गाऊ लागली. आजीबाई उच्चार सुधारीत नव्हत्या, केवळ टाळी थोडी संथ करीत होत्या. एवढा समंजसपणा आम्हा पुरुषांच्या सभेत क्वचितच आढळतो!

तरुणांना माझे सांगणे आहे की गरबा अवश्य खेळा, शेजाऱ्यांचा सण तो आपलाच; परंतु बतुकम्मेच्या रिंगणात त्याच्या ध्वनिफिती लावू नका, कारण तेथे गाण्याला गळाच हवा. यंदाच्या अंदाजपत्रकात फुलांसाठी मुक्रर झालेली रक्कम ध्वनिक्षेपकाच्या भाड्याहूनही कमी आहे. तिचा जाब मी कार्यकारिणीला येत्या सभेत विचारणार आहे.